विचारणारीला हसू नका

बचत गटाचं काम आता वहीबरोबर मोबाईलवरही आलं आहे. सभेची हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते, सगळं अ‍ॅपमध्ये भरावं लागतं. अडलं की आपण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मदत गटात विचारतो. तिथं कसं विचारावं आणि कसं सांगावं, याबद्दल आज बोलू या.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आमच्या मदत गटात एका ताईंनी रात्री लिहिलं, "पैसे गेले नाहीत. काय करू? अर्जंट." कोणते पैसे, कुठून पाठवले, काहीच कळेना. एकीने हसणारं चित्र टाकलं. दुसरीने लिहिलं, "एवढंही येत नाही का?" ताईंनी मेसेज पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेटवर शोधून 'कस्टमर केअर'चा नंबर काढला. फोनवरचा माणूस गोड बोलला. मदतीसाठी म्हणून त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्या अ‍ॅपमुळे ताईंच्या मोबाईलवरचं सगळं त्याला दिसू लागलं. बियाण्यासाठी ठेवलेले साडेसहा हजार रुपये गेले.

आम्ही त्यांना म्हटलं, "ताई, आम्हाला का नाही विचारलं?" त्या म्हणाल्या, "विचारलं होतं की."

ते बोलणं आम्हाला लागलं. त्या रात्री मेसेज वाचून गप्प बसलेल्यांत आम्हीही होतो. आपल्या माणसांत हसं झालं की बाई परक्याकडे जाते, आणि परका टपलेलाच असतो. म्हणून गटातली वागणूक हा नुसता शिष्टाचार नाही, त्यावर आपला पैसा सुरक्षित राहतो.

आता विचारायचं कसं? डॉक्टरकडे गेल्यावर "बरं नाही" एवढंच सांगून भागत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, काय औषध घेतलं, हे सांगावं लागतं. इथंही तसंच. काय करत होतो, मोबाईलवर नेमके कोणते शब्द आले आणि आपण काय करून पाहिलं, या तीन गोष्टी लिहा. जसं की, "सभेची बचत भरत होते. सात जणींची नोंद झाली. आठव्या नावाला 'जागा अपुरी आहे' असं येतं. फोन बंद करून चालू केला, तरी तेच." असा प्रश्न आला की उत्तर लगेच मिळतं, "ताई, गॅलरीतले जुने व्हिडिओ काढा, जागा होईल." ते व्हिडिओ बहुतेक 'शुभ सकाळ'चेच असतात! म्हणून मदत गटात ते टाकूच नयेत. त्यांच्या गर्दीत कामाचा प्रश्न वर निघून जातो.

विचारण्याआधी गटातलं शोधाचं भिंग वापरून पाहा. कदाचित तोच प्रश्न मागच्या महिन्यात सुटला असेल. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, पण थोडक्यात. उत्तर देणाऱ्या ताईंना पगार नसतो. त्यांच्याही घरी चूल, शेत, लेकरं आहेत. रात्री उशिरा फोनवर फोन करू नका.

उत्तर देणारीनेही काही पाळायचं आहे. प्रश्न अर्धवट असेल तर हसण्याऐवजी विचारा, "ताई, मोबाईलवर काय दिसतंय?" त्या एका वाक्याने आमच्या ताई वाचल्या असत्या. ज्या मेसेजचं उत्तर देता, त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे कोणाचं उत्तर कोणाला ते कळतं. खात्री नसेल तर "माझा अंदाज आहे" असं स्पष्ट लिहा. चुकीचा सल्ला महागात पडतो. अ‍ॅप अडकलं की कुणी पटकन सांगतं, "क्लिअर करून टाका." पण 'कॅशे' साफ करणं वेगळं आणि 'डेटा' साफ करणं वेगळं. डेटा साफ केला तर न पाठवलेल्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. दिवसभराची मेहनत वाया जाते.

फोटो टाकताना सांभाळा. आधार क्रमांक, खाते क्रमांक, सभासदांची नावं दिसत असतील तर तेवढा भाग कापूनच फोटो पाठवा. ती माहिती दुसऱ्या बाईची आहे, आपण फक्त सांभाळणाऱ्या आहोत. ओटीपी आणि पिन कुणालाच देऊ नका, अगदी गटप्रमुखालाही नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागतच नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. शेवटी 'एपीके' लिहिलेली फाईल आली तर उघडू नका, पुढेही पाठवू नका. गटात प्रश्न विचारल्यावर अनोळखी नंबरवरून "मी मदत करतो" असा फोन आला, तर तो ठेवा आणि गटात सांगा.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजून बसू नका. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

शेवटचं एक. काम झालं की "झालं" एवढंच लिहून थांबू नका. कशाने झालं तेही लिहा. उद्या दुसऱ्या गावातली ताई त्याच जागी अडेल, तेव्हा तिला तुमच्या दोन ओळी सापडतील.

आमच्या त्या ताई आता गटात परत बोलू लागल्या आहेत. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलीने लिहिलं, "काहीच होत नाही." पहिलं उत्तर त्यांचंच आलं, "घाबरू नको बाळा. मोबाईलवर काय दिसतंय, ते सांग."