भाड्याच्या भिंतीवर बाबासाहेब

विरार लोकलने रोज मुंबई गाठणारे आपले कितीतरी समाजबांधव नायगाव, वसई, नालासोपारा, विरार येथे भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलालाची दलाली आणि मुदत संपली की पुन्हा टेम्पो! त्या टेम्पोत गादी, सिलिंडर, पाण्याचे पिंप यांच्याबरोबर जुन्या साडीत गुंडाळलेली एक तसबीर असते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून घासाघीस न करता घेतलेली. नव्या घरात ती साडीतून कधी बाहेर येते, हा खरा प्रश्न आहे.

'भिंतीला खिळा ठोकायचा नाही,' ही घरमालकाची पहिली अट. प्लास्टर पडते, रंग जातो, ही तक्रार काही खोटी नाही. पण ती सर्वांना सारखी लागू आहे काय? नालासोपाऱ्यात आम्ही एक घर पाहिले. आधीच्या भाडेकरूच्या देव्हाऱ्याचे चार खिळे भिंतीत तसेच होते. शेजारीच मालकाचे स्वतःचे घर. तिथे हॉलमध्ये बुद्धाचे नुसते मस्तक, शोपीस म्हणून! बाजूला ढेरपोट्या लाफिंग बुद्ध. (तो तथागत नव्हे, हे आपल्याही काही लोकांनी ध्यानात घ्यावे.) भिंतीवर वारली चित्र. वारल्याचे चित्र हॉलमध्ये हवे, पण वारली माणूस भाडेकरू म्हणून चालेल काय, हे विचारायचे राहूनच गेले.

घर पाहून उतरताना बोलता बोलता मी तसबिरींचा विषय काढला. दलाल जिन्यात हळूच म्हणाला, 'बुद्धाचा फोटो लावा, काही हरकत नाही. तो दुसरा जरा आतल्या खोलीत लावा ना.'

म्हणजे बुद्ध सजावटीपुरता चालतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंना धम्म देणारे बाबासाहेब चालत नाहीत! कारण उघड आहे. बुद्धाचे मस्तक आज कोणाच्याही घरात दिसते, त्यावरून जात कळत नाही. आडनाव विचारूनही ज्याचा उलगडा होत नाही, तो बाबासाहेबांची तसबीर पाहताच होतो.

आणि हे घडते कोठे? सोपाऱ्यात! जेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, त्या भूमीवर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरुड राजाच्या कोटातील स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत धातुकरंडक आणि त्याभोवती आठ कांस्य बुद्धमूर्ती मिळाल्या. त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. स्तूप येथे आहे, पण त्याच गावात बौद्धाला घर शोधताना तोंड लपवावे लागते.

खुद्द बाबासाहेबांनी हे भोगले. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले असता कोठेही जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. पुढे बाबूराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिले. तो कथासंग्रह १९६३ चा. आज आपण जात चोरत नाही, फक्त तसबीर कपाटात ठेवतो. फरक कितीसा?

अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडविणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे. पण कारण लेखी कोण देतो? 'मालकाचा मुलगा गावाहून येणार आहे,' एवढे सांगितले की काम भागते. तेव्हा कायद्याचा धाक ठेवावाच, पण आपल्या बाजूने एक गोष्ट आपल्या हातात आहे. करारावर सही करण्यापूर्वीच सांगावे की बाबासाहेबांची तसबीर दर्शनी भिंतीवर लागेल. घर जायचे तर डिपॉझिट भरण्याआधी जाईल.

आम्ही ते घर सोडले. दुसरे मिळाले, स्टेशनपासून लांब, रिक्षाचा खर्च वाढला. तेथे पहिल्याच दिवशी, सामान लावण्यापूर्वी, कॅलेंडरच्या जुन्या खिळ्यावर बाबासाहेब लावले. नवा खिळा ठोकावाच लागला नाही. संध्याकाळी मालक आले. भिंतीकडे पाहिले, चावीचे सांगितले, चहाला नको म्हणाले. डिसेंबरमध्ये करार संपतो.