वस्तीवरचे गरम पाणी : जुना हीट पंप गेला, आता काय घ्यावे?

मार्गशीर्षातली पहाट होती. निफाड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर या दिवसांत पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि द्राक्षबागेत शेकोट्या कराव्या लागतात. न्हाणीतला नळ सोडला तर हात आखडून जावा असे गार पाणी आले. सात वर्षांपूर्वी बसवलेला हीट पंप रात्रीतून बंद पडला होता. घरात नऊ माणसे, गोठ्यात सहा गाई, डेअरीची गाडी सहाला दारात. दुधाच्या कॅन कशाने धुवायच्या?

सासूबाई काही बोलल्या नाहीत. माळ्यावरचा तांब्याचा बंब त्यांनी थोरल्या नातवाकडून उतरवून घेतला, चिंचेने घासला आणि छाटणीच्या काड्या घालून पेटवला. त्या दिवसाचे भागले. पण आमच्या धाकट्या जावेला दमा आहे. बंबापाशी बसण्याची पाळी तिच्यावर येऊ द्यायची नाही असे आम्ही ठरवले, तरी धूर काही पाळी बघून जात नाही. पंधरा दिवसांत तिला दोनदा दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हा द्राक्षाचे पैसे हातात येईपर्यंत थांबू, असे म्हणणारी पुरुष मंडळीही गप्प झाली.

हीट पंप म्हणजे काय, हे पुष्कळ घरी नीट ठाऊक नसते. आपला फ्रीज आठवा. आतली उष्णता काढून तो मागच्या बाजूने बाहेर टाकतो, म्हणून मागे हात लावला तर गरम लागते. हीट पंपही तेच करतो, फक्त बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाण्याच्या टाकीत सोडतो. गिझरमध्ये वीज जाळून उष्णता तयार करायची असते. इथे ती नुसती उपसायची. विहिरीवरची मोटर काही पाणी तयार करत नाही, असलेले पाणी वर आणते, तसेच. आणि विहीर जितकी खोल तितका मोटरला जोर जास्त, हेही इथे लागू आहे. हवा जितकी गार तितकी उष्णता खोल गेली, असे समजा.

हे काही कालचे खूळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये झ्यूरिक शहराच्या नगरभवनाला १९३८ साली हीट पंप बसवला. तो तिथल्या नदीच्या पाण्यातून उष्णता घ्यायचा.

आता हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. आम्हाला माणसे आणि कॅन मिळून दिवसाला ३०० लिटर गरम पाणी लागते. २० अंशांचे पाणी ५५ पर्यंत न्यायचे म्हणजे ३५ अंश. ३०० गुणिले ३५, म्हणजे १०,५०० किलोकॅलरी. म्हणजेच १२ युनिटांहून थोडे जास्त. गिझर तेवढे पुरते खाणार. हीट पंप चांगल्या हवेत एका युनिटात साडेतीन युनिटांएवढी उष्णता आणतो, म्हणजे साडेतीन युनिटांत काम होते. तुमच्या बिलातला दर घ्या आणि फरकाला गुणा. पहाटेच्या गारठ्यात मात्र त्याच कामाला पाच युनिटे सहज लागतात. हे आम्हाला सात वर्षे कुणी सांगितले नव्हते, आणि आम्ही तो रोज पहाटे चारला सुरू करत होतो!

मेकॅनिक आला. कॉम्प्रेसर जळाला, नवा टाकायला निम्म्या किमतीएवढा खर्च, असे म्हणाला. का जळाला, हे विचारल्यावर त्याने मला गोठ्याकडे नेले. विकणाऱ्याने पाइप वाचावा म्हणून पंप गोठ्याच्या भिंतीला लावून दिला होता. गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया तांब्या-पितळेला खातो. आमच्या पंपाची तांब्याची नळी हिरवी पडून गळू लागली होती आणि त्यातला गॅस दोनदा भरावा लागला होता. वर भुसा आणि धूळ बसून पत्र्यांची जाळी बुजलेली. त्यात आमची सिंगल फेज. आजूबाजूच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येते, आणि पंपाला स्टॅबिलायझर नव्हता. पंपाचा दोष म्हणावा तर तो मला फारसा दिसला नाही.

तरी मन दुरुस्तीकडेच ओढत होते. मग त्याने टाकी उघडली. आतून काचेचा मुलामा दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचा पत्रा गंजण्यापासून वाचवते. दर वर्षा-दोन वर्षांनी ती बघायची असते. आमच्या टाकीत कांडी नावालाही उरली नव्हती, तळाशी तांबूस गाळ होता. अशा टाकीला नवा कॉम्प्रेसर लावणे म्हणजे किडक्या चाकाला नवी धाव चढवणे. दुरुस्तीचा विचार तिथेच संपला.

मोठ्या दिरांचा कल सौर बंबाकडे होता. तो चांगलाच, ऊन फुकट, कॉम्प्रेसर नाही, आणि आम्हाला मिळालेल्या दरपत्रकांत त्याची किंमत हीट पंपाच्या निम्म्याहून कमी होती. ज्यांच्या घराला मजबूत स्लॅब आहे आणि दक्षिणेकडून दिवसभर ऊन मिळते, त्यांनी आधी तोच बघावा. आमचे छप्पर पत्र्याचे. ३०० लिटरचा संच पाण्याने भरला की टाकी, सांगाडा धरून वजन सहज साडेतीनशे-चारशे किलो. खाली लोखंडी मांडव उभा करायचा तर खर्च वाढतो, आणि ढगाळ दिवसांत जावेसाठी पुन्हा विजेची कांडी लागणारच. शिवाय आमच्या बोअरचे पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस नाही, पातेल्याला पांढरा थर. क्षार कुठल्याही संचात बसतातच. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एक बाटली देऊन आधी पाणी तपासून घ्यावे. आम्ही ते केले आणि मगच टाकी कुठली घ्यायची ते ठरवले. क्षारांबरोबर मीठही जास्त असेल तर साध्या स्टीलच्या टाकीला बारीक भोके पडतात. म्हणून मुलामा दिलेली टाकीच घेतली, आणि कांडी वेळेवर बदलण्याची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली. न्हाणीतल्या कॅलेंडरवर दिवाळीच्या पानावर तशी खूण आहे.

तर आम्ही पुन्हा हीट पंपच घेतला, पण पहिल्या वेळी केलेली एकही चूक ठेवली नाही. यंत्र गोठ्यापासून दूर, घराच्या दक्षिण भिंतीला, वर छज्जा आणि समोर मोकळी हवा. बंद न्हाणीत ते ठेवायचे नसते, कारण ते गार हवा बाहेर सोडते आणि मग तीच हवा पुन्हा ओढत बसते. निजायच्या खोलीच्या खिडकीखालीही नको, घरघर लागते. ठिबकणाऱ्या पाण्याची नळी कुंडीत सोडली आहे. स्टॅबिलायझर असा घेतला की वीज गेली आणि लगेच आली तरी तीन मिनिटे थांबून मगच यंत्र सुरू करतो. अर्थिंग नवे केले. विकणाऱ्याला एकच प्रश्न तीनदा विचारला : बिघडला तर माणूस कुठून आणि किती दिवसांत येईल? एका दुकानदाराने फक्त कंपनीचा टोल फ्री नंबर सांगितला, त्याच्याकडून घेतला नाही.

आणि वेळ बदलली. आता टायमर लावून पंप दुपारी अकरा ते तीन चालतो. जानेवारीतही तेव्हा हवा पंचवीसच्या वर असते. टाकीला चांगले जाड वेष्टण आहे, त्यामुळे पहाटेपर्यंत पाणी थोडेच निवते. तासाला साधारण एक युनिट लागते. छपरावर सौर पॅनेल असेल तर ही वेळ आणखी सोयीची. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. मात्र त्या संचासाठीही आमचे छप्पर आधी नीट करावे लागेल, म्हणून तो विषय पुढच्या हंगामावर टाकला आहे.

बंब सासूबाईंनी मोडीत घालू दिला नाही. परवा डीपी जळाली आणि दोन दिवस वस्तीवर अंधार होता. पहिल्या पहाटे टाकीतले पाणी पुरले. दुसऱ्या पहाटे त्यांनी स्वतः बंब पेटवला, आणि जावेला आदल्या रात्रीच गावातल्या चुलत घरी झोपायला पाठवले होते.