पक्ष्यांच्या गावी

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तेथे इंग्रजी अमदानीत एक दगडी बंधारा बांधला गेला. अडलेल्या पाण्याबरोबर वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. उथळ डबकी, लहानलहान बेटे आणि पाणवनस्पतींची दाटी निर्माण झाली. माणसाने शेतीसाठी अडविलेल्या त्या पाण्यावर पक्ष्यांनी आपला हक्क सांगितला. हेच नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाल्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले. महाराष्ट्रात हा मान मिळविणारे ते पहिलेच स्थळ होय.

एका हिवाळ्यात आमच्या शाळेचे काही विद्यार्थी घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पाण्यावर धुके तरंगत होते. लडाखसारख्या उंच प्रदेशांतून आलेले केशरी रंगाचे चक्रवाक काठाशी निवांत चरत होते. ते दृश्य पाहताच एका मुलाला राहवेना. कॅमेरा सरसावून तो धावतच काठाकडे गेला. क्षणात पंखांचा एकच फडफडाट झाला आणि सारा थवा दूर निघून गेला. मुलाच्या चित्रात आले ते केवळ रिकामे पाणी!

तो बिचारा हिरमुसला. परंतु चक्रवाकांचेही थोडे नुकसान झालेच. हिवाळाभर खाऊनपिऊन अंगात बळ साठवावे आणि मग परतीच्या लांबच्या प्रवासास निघावे, असा या पाहुण्यांचा क्रम असतो. वारंवार उडावे लागले, तर ते बळ वाया जाते. म्हणून पक्ष्यांचे छायाचित्र घ्यावयाचे, तर आपण तेथे आहोत हे त्यांना जाणवू न देणे, हीच पहिली विद्या.

ही विद्या संपादन करण्यासाठी माणसांनी काय काय खटाटोप केले आहेत! इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ साली एका घरट्याचे आतील अंड्यांसह छायाचित्र घेतले. १८९५ साली त्यांचे पक्ष्यांच्या घरट्यांविषयीचे सचित्र पुस्तक निघाले. त्यातील सारी चित्रे कॅमेऱ्याने टिपलेली होती. त्या काळचे कॅमेरे म्हणजे काचेच्या पट्ट्या घालावयाच्या अवजड पेट्या. त्या घेऊन पक्ष्यांजवळ जावे कसे? या भावांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात लपून ते चित्रे घेऊ लागले. कुरणातील बैलाला कोणता पक्षी भिणार? एकदा मात्र तो बैल आतल्या माणसासह उलथला आणि त्याचे पाय आभाळाकडे झाले, असे सांगतात.

आता असा बैल वाहून नेण्याचे कारण उरलेले नाही. लांब पल्ल्याचे भिंग दूरचा पक्षी जवळ आणते. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडली, तरी पंखाचे पीस न् पीस स्पष्ट उमटते. सूर्य आपल्या पाठीशी असावा आणि पक्ष्याचा डोळा रेखीव यावा, एवढे सांभाळले की बरेच साधते.

परंतु घरट्यापाशी हे कौशल्य आवरावे लागते. मुलांनो, माझी एक चूक सांगतो. ऐन उन्हाळ्यात माळावर मला टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटे विणत नाही. उघड्यावर, खड्यांमध्ये ती अंडी घालते. ऊन चढले की आपल्या अंगाची सावली त्यांच्यावर धरते. प्रसंगी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. मी मनासारखे चित्र मिळविण्यासाठी जवळच बसून राहिलो. टिटवी दुरून आक्रोश करीत होती आणि अंडी उन्हात तापत होती. चित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी मात्र तेथे अंडी नव्हती. ती कावळ्याने नेली की आणखी कोणी, हे मला कधीच कळले नाही. ते चित्र मी कोणाला दाखवीत नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे, हीदेखील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच मानली आहे, हे मला पुढे समजले.

असो. त्या सकाळी आम्ही हिरमुसलेल्या मुलाला लपणात नेऊन बसविले. लपण म्हणजे पक्षी पाहण्यासाठी बांधलेला, झरोके असलेला आडोसा. अर्धा तास काहीच घडले नाही. त्याच्या पायाला मुंग्या आल्या. तरी तो हलला नाही. मग पाणकणसांच्या दाटीतून एक जांभळी पाणकोंबडी डौलात बाहेर आली. तिची लाल चोच कोवळ्या उन्हात चमकत होती. लांब बोटांच्या पायात एक देठ धरून ती तो सोलू लागली. मुलाने श्वास रोखून कळ दाबली. पाणकोंबडीने मानसुद्धा वर केली नाही. ती आपली न्याहारी करीतच राहिली.