राखणदार गेले, फासक्या आल्या

वन्यजीव संरक्षण कायद्याला २०२२ मध्ये पन्नास वर्षं झाली. त्याच डिसेंबरात कायद्यात दुरुस्ती होऊन रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसरीत गेलं. दिल्लीत ती कागदांची फेरमांडणी होती. सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीला मात्र ती झोंबली. सुरण, कणगर आम्ही आधीच सोडले होते, त्यानंतर भुईमूगही सोडला.

पहिल्या तीस वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. पीक संरक्षणाच्या परवान्याची एखाददुसरी बंदूक वाडीत असायची, वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकायची. पुढे चाकरमानी मुंबईतच राहिले, वरकस पडीक पडली, घाणेरी माजली. एका वेतात चार-सहा पिल्लं देणाऱ्या जनावराला घराच्या परसापर्यंत निवारा मिळाला.

खरं नुकसान झालं ते २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत. विधानसभेच्या तीन निवडणुका झाल्या, दोन ऑक्टोबरात आणि एक नोव्हेंबरात. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा, आणि तेही भात पिकून कापणीला आलेलं असताना! सगळ्या रात्री डुकरांच्या. म्हातारे परवानाधारक दमले. बाप गेल्यावर परवाना मुलाच्या नावावर करायला इतक्या खेपा पडत, की मुलांनी तो नादच सोडला.

२०१५ च्या डिसेंबरात केंद्राने बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर उपद्रवी ठरवले. २०१६ मध्ये तिथल्या मोकाम्यात बाहेरून बंदूकबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकाच मंत्रिमंडळातले दोघे, जाहीर भांडले. मारावं की मारू नये, यावरच देश वाद घालत बसला. कोणी मारावं, हे कोणीच विचारलं नाही. याचा राग मला आजही आहे. मोकाम्यातले पाहुणे आले आणि गेले. आमचा बंदूकवाला वाडीतच राहायचा. चिखलातल्या खुरांवरून कळप कुठून उतरला हे तो सांगायचा, वारा पाहून बसायचा, हाकारे कुठे उभे करायचे हे त्याला ठाऊक असायचं. मटणाच्या वाट्यांसाठीही शिकार व्हायची, हे मी नाकारत नाही. पण त्यात शेत राखलं जायचं.

पीक खाणारं डुक्कर मारायची परवानगी कलम ११ खाली आजही मिळते. मात्र मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. रात्र जागायची आपण, काडतूस आपलं, वर पंचनाम्याची धावपळ. कोण पुढे येणार?

मग क्लचवायरच्या फासक्या आल्या. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या कमरेत अडकतो आणि तडफडून मरतो. गावठी बॉम्बने चरणाऱ्या गाईचा जबडा फुटतो. विदर्भात कुंपणात सोडलेल्या करंटने वाघ गेले. बंदूकवाल्याला नेम धरण्याआधी समोर काय आहे ते दिसायचं. तारेला दिसत नाही. राखणीच्या शिकारीला नाकं मुरडणाऱ्यांनी या बिबट्यांचा हिशेब द्यावा.

केरळने २०२२ मध्ये पंचायतींच्या अध्यक्षांनाच परवानाधारकांकरवी उपद्रवी डुक्कर मारून घेण्याचे अधिकार दिले. आमच्या सरपंचांनाही ते मिळावेत. काडतुसांचा खर्च सरकारने उचलावा आणि राखणीच्या बंदुकांना आचारसंहितेतून सूट द्यावी. आणि हे लवकर व्हावं, कारण डुकराची वाट ओळखणारे वाडीत आता तिघेच उरलेत आणि तिघेही सत्तरीपुढचे आहेत.