एमआरआयमधला अँटेना

एमआरआयसाठी मिरजेला निघालेले रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, क्ष-किरणांचा त्रास होईल का?" एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. शक्तिशाली चुंबकात झोपवून शरीरात रेडिओलहरींचे स्पंद सोडतात. त्यांना प्रतिसाद म्हणून शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनकडून क्षीण लहरी येतात. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आकाशातील हायड्रोजनच्या लहरी टिपतात. इथे तेच काम गुडघ्याभोवती किंवा डोक्याभोवती बसवलेली कॉइल, म्हणजे छोटा अँटेना, करते. ती अवयवाच्या जितकी जवळ, तितके चित्र स्पष्ट. म्हणून ती सरकवू नये, हालचाल करू नये. मोठा आवाज होतो, घाबरू नये. मात्र पेसमेकर, मेंदूतील क्लिप किंवा लेथवर काम करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असल्यास आधीच सांगावे. लपवणे जिवावर बेतू शकते.