विश्लेषण : टँकरच्या बीडमध्ये महापूर कसा येतो?

बीड म्हटले की टँकर, चारा छावण्या आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आठवते. मात्र याच शहराने जुलै १९८९ मध्ये बिंदुसरा नदीचे रौद्र रूप पाहिले. त्या पुरात अनेकांचे जीव गेले, नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. दुष्काळी शहराला पुराचा धोका कसा, याचा हा आढावा.

दुष्काळाचा इतिहास काय सांगतो?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील बीडला पाण्याची चिंता जुनीच. शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. तिचे पाणी कालव्याने शेतीपर्यंत जात असे. तरीही १८९९-१९०० आणि १९७२ च्या दुष्काळांनी मराठवाड्याची दैना केली. अलीकडे २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. बीड जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्याने २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

मग पूर कोठून येतो?

बिंदुसरा बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि थोडेच अंतर कापून बीडमध्ये येते. डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. मुसळधार पाऊस झाला तर पाणी मुरायला वेळच मिळत नाही. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० कोटी लिटर पाणी जमा होते. पाणलोट क्षेत्र याच्या कितीतरी पट मोठे असते. पालीजवळ बिंदुसरा धरण आहे. पण ते आधीच भरलेले असेल तर येणारे पाणी सांडव्यावरून थेट शहराकडे निघते. वर्षाची सरासरी कमी असली तरी पूर येतो तो या काही तासांच्या पावसाने.

दुष्काळाचा पुराशी काय संबंध?

नदी जुने शहर आणि पेठ बीड यांच्या मधून वाहते. वर्षातील बहुतेक महिने पात्र कोरडे असते. सलग दोन-तीन वर्षे पाऊस हुलकावणी देतो, तेव्हा ते पात्र नदीचे न वाटता मोकळी जागा वाटू लागते. तेथे भराव पडतो, राडारोडा येतो, मग पत्र्याचे शेड आणि शेवटी पक्के घर. पात्र अरुंद झाले की तेवढ्याच पाण्याची पातळी पूर्वीपेक्षा वर चढते. म्हणजे पुराचा धोका दुष्काळाच्या वर्षांतच वाढत जातो.

पूररेषा म्हणजे काय?

साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकामास मनाई, तर दोन्ही रेषांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा नव्हे. दरवर्षी तशा पुराची शक्यता चार टक्के असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय दिसले?

अतिवृष्टीने मराठवाड्यातील नद्या पात्राबाहेर आल्या. सिंदफणेला पूर आला. जायकवाडीतून मोठा विसर्ग सुरू झाल्याने गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतील गोदाकाठच्या गावांना धोका निर्माण झाला. हातातोंडाशी आलेले खरीप पाण्यात गेले, अनेक ठिकाणी मातीही वाहून गेली.

नागरिकांनी काय करावे?

नदीजवळ प्लॉट किंवा घर घेण्यापूर्वी नगररचना विभागाकडे पूररेषेची खातरजमा करावी. ‘इथे कधी पाणी येत नाही’ या शब्दावर विसंबू नये. शहरात ऊन असले तरी डोंगरात पाऊस सुरू असेल तर पात्रात वाहने, जनावरे ठेवू नयेत. पुलावरून पाणी वाहत असताना तो ओलांडू नये. मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन सेवेचा ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत.