छोट्या कामासाठी बेंच व्हाइस कसा निवडायचा?

माथेरानच्या गाडीचं मॉडेल करतोय असं मी बोलून गेलो आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "घरी मॉडेल्स करायची तर पहिलं हत्यार कोणतं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. बेंच व्हाइस. एका हातात तुकडा आणि दुसऱ्या हातात कानस धरून बघा. कानस डुलते आणि सरळ हवी असलेली कड गोल होऊन बसते. तुकडा पकडायचं काम व्हाइसला दिलं की दोन्ही हात मोकळे.

पण कोणता घ्यायचा, इथे मी माती खाल्ली. ती आधी सांगतो.

मी टेबलाच्या कडेला चिमट्यासारखा लावायचा, साडेतीनशे रुपयांचा व्हाइस ऑनलाइन मागवला. इंजिनाच्या केबिनची एक बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून कापली होती, खिडक्यांसकट. तीन रविवार गेले होते त्यात. कड साफ करायला ती व्हाइसमध्ये धरली, "अजून थोडं घट्ट" म्हणून हँडल पिळलं आणि खिडकीची चौकट वाकली. पत्र्यावर जबड्यांच्या दातांची नक्षी उठली ती वेगळीच. तीन रविवार भंगारात.

मग इंजिनिअर जागा झाला. बघा, हँडल मध्यापासून 100 मिमी लांब आहे आणि स्क्रूचा एक फेरा जबडा 4 मिमी पुढे नेतो. म्हणजे हात साधारण 628 मिमी फिरतो तेव्हा जबडा 4 मिमी सरकतो. जवळजवळ 157 पट! पाच किलोचा जोर लावला तर कागदावर पावणेआठशे किलोच्या वर दाब येतो. घर्षणात यातलं बरंचसं जातं, पण उरतो तो दाबही पातळ पितळेला पुरून उरतो. त्यामुळे आपल्या कामात व्हाइसची ताकद कमी पडेल ही भीती सोडा. तो सरळ आणि हळुवार पकडतो का, हे बघा.

म्हणूनच "परवडेल तेवढा मोठा घे" हा सल्ला मला पटत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये धूड व्हाइस होते, कारण तिथे लोखंडाचे जाड तुकडे तासायचे होते. माथेरानच्या रुळांमधलं अंतर 610 मिमी, माझ्या 1:19 मॉडेलमध्ये ते 32 मिमी होतं. यावरून बाकीच्या भागांचा अंदाज करा. 75 मिमी जबड्याचा व्हाइस भरपूर झाला. सक्शनवाला घेऊ नका. प्लायवर तो चिकटत नाही आणि काचेवर चिकटला तरी कानस मारताना सुटतो. रंगकामाला ठीक आहे.

दुकानात काय तपासायचं? जबडे हलकेच बंद करा आणि फटीतून उजेडाकडे बघा. एका टोकाला उजेड दिसला तर ठेवून द्या. मग कागदाच्या दोन पट्ट्या दोन टोकांना धरून ओढा, दोन्ही सारख्याच घट्ट हव्यात. आता जबडे अर्धे उघडा आणि पुढचा जबडा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खडखडला तर तो घट्ट करताना वर उचलला जाणार आणि तुमचा तुकडा तिरका होणार. हँडल उलटं फिरवताना थोडं रिकामं फिरतं, त्याची काळजी नको. घट्ट करताना ती ढिलाई आपोआप निघते. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

मी माझा दुसरा व्हाइस पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला, नऊशेला. जुना घेताना गंज चालतो, तडा नाही. हे व्हाइस बहुतेक बिडाचे असतात आणि बीड वाकत नाही, फुटतं. त्यामुळे स्क्रूच्या आसपास आणि बोल्टच्या भोकांपाशी नीट बघा. हँडलवर हातोडीचे घाव दिसले तर आधीच्या मालकाने काय केलं असेल ते ओळखा.

दातांवर उपाय जवळजवळ फुकटात होतो. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे जा आणि अ‍ॅल्युमिनियम अँगलचे दोन उरलेले तुकडे मागा. ते जबड्यांवर टोपीसारखे बसतात. आणि बारीक तुकडा जबड्याच्या एकाच टोकाला धरायचा असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, नाहीतर जबडा तिरका होतो.

भाड्याच्या घरात टेबलाला भोकं पाडता येत नाहीत, माहितीये. मी 18 मिमी प्लायच्या फळीवर व्हाइस बोल्टने बसवलाय, खालून मोठे वॉशर लावून, आणि फळी दोन सी-क्लॅम्पने टेबलाला आवळतो. मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. उंची अशी ठेवा की उभं राहिल्यावर जबडे कोपराच्या पातळीला येतील. माझे अजून बुटके आहेत. पाठ रोज आठवण करून देते.

केबिनची ती बाजू मी पुन्हा कापली. या वेळी हँडल फक्त दोन बोटांनी फिरवलं. खिडक्या शाबूत आहेत, फोटो खाली टाकलाय. पुढच्या भागात कानशींबद्दल बोलू. भेटू!